सी-३०४ साठीची वर्गणी

रविवार, रात्री ८.४०

सेक्रेटरी (बी-२०१): नमस्कार सभासदहो. सी-३०४ मधल्या आपल्या पिंट्याला डुशेन हा स्नायूंचा आजार आहे, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्याला स्टेमसेल (ज्यांतून नव्या पेशी बनतात त्या मूळ पेशी) उपचारांसाठी बँकॉकला न्यायचं चाललंय. खर्च १६ लाख, तिकिटं वेगळी. गणपतीच्या वर्गणीतले उरलेले ४२ हजार द्यायचं कमिटीने ठरवलंय. बाकी प्रत्येक फ्लॅटने यथाशक्ती. क्यूआर कोड खाली टाकलाय. शेरे-ताशेरे नकोत, फक्त मदत.

बी-५०४: माझे ५०००. देव भलं करो 🙏

ए-७०२: ३००० पाठवले. पोचले का बघा.

डी-१०१: उद्या टाकी धुणार होते ना? पाणी किती वाजेपर्यंत येईल?

सी-४०१: टाकीचं नंतर बोला हो. माझेही ५०००.

ए-१०३: सेक्रेटरीसाहेब, ताशेरे नकोत म्हणालात तरी मी बोलणार आहे. पिंट्याची आई या ग्रुपवर आहे, म्हणूनच इथे बोलतेय. तिच्या पाठीमागे जिन्यात कुजबुज करायची नाही मला. तिकीट काढू नका. आधी मला वाचा.

ए-१०३: माझी २९ वर्षं परळला, टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पेशी मोजण्यात गेली. स्टेमसेल म्हणजे थोतांड असं मी म्हणत नाही. २० मार्च १९८३ ला तिथेच डॉ. सुरेश अडवाणींनी देशातलं पहिलं बोनमॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे हाडातल्या मगजाचं रोपण, केलं. नऊ वर्षांची मुलगी, रक्ताचा कॅन्सर, मॅरो तिच्या भावाचा. स्टेमसेलचा खरा उपचार तो. रक्ताच्या या पेशी शिरेतून सोडल्या की आपल्या आपण हाडाच्या पोकळीत जाऊन बसतात आणि रक्त बनवायला लागतात. त्यांना घर माहीत असतं.

ए-१०३: पिंट्याला देणार आहेत त्या वेगळ्या पेशी. बहुधा दुसऱ्याच्या नाळेतल्या. सलाइनमधून सोडल्या की त्यातल्या बहुतेक फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत अडकतात आणि थोड्या दिवसांत संपतात. डुशेनमध्ये डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन अंगातल्या कुठल्याच स्नायूत नीट बनत नाही, हृदयातसुद्धा नाही. एवढ्या सगळ्या स्नायूंत पेशी पोचणार कशा, आणि पोचून करणार काय? थेट स्नायूत टोचूनही पाहिलंय. अमेरिकेत बारा मुलांच्या एका दंडात निरोगी दात्याच्या स्नायूपेशी दर महिन्याला दिल्या, दुसऱ्या दंडात नुसती खोटी सुई. सहा महिने. ताकदीत फरक नाही. १९९५ साली छापून आलंय.

बी-३०३: काकू, मी त्यांची साइट बघितली. अमेरिकन सरकारच्या यादीत त्यांच्या ट्रायलचा, म्हणजे पेशंटवरच्या चाचणीचा, नंबर आहे. एनसीटीने सुरू होतो. म्हणजे काहीतरी तपासलंच असेल ना?

ए-१०३: नाही रे राजा. त्या यादीत नोंद कोणीही करू शकतं. यादीत नाव आलं म्हणजे सरकारने तपासलं असं नाही, हे त्या साइटवरच लिहिलेलं असतं. वाचतो कोण? आणि मला सांग, ट्रायल असेल तर १६ लाख कसले? प्रयोगातल्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत. आपल्याकडे तसा नियमच आहे, उलट इजा झाली तर भरपाई द्यावी लागते.

डी-४०२: मी शक्यतो ग्रुपवर लिहीत नाही. माझ्या मेव्हण्याला एमएनडी होता, स्नायू चालवणाऱ्या नसा मरत जातात तो आजार. २००९ मध्ये आम्ही त्याला चीनला नेलं. सहा सुया, चार पाठीच्या कण्यातून. शिवाय रोज दोन वेळा तास-तासभर फिजिओ, इथे कधी झाला नव्हता इतका. चौथ्या दिवशी तो उशीला न टेकता बसला. आम्ही सगळे रडलो. त्याच दुपारी कॅमेरा घेऊन मुलगी आली. व्हिडिओ दिलात तर शेवटच्या सुईवर सूट. दिला आम्ही. तो गेला पुढच्या वर्षी, आषाढात. व्हिडिओ नंतर दोन-तीन वर्षं तरी त्यांच्या साइटवर होता. खाली लोक विचारायचे, आता कसे आहेत हे?

डी-४०२: पत्रं लिहिली काढा म्हणून. उत्तर नाही.

बी-५०४: अरेरे.

ए-६०१: बँकॉकबद्दल शंका असेल तर जर्मनी बघा ना. माझा भाचा म्युनिकला आहे. तिकडे कायदे कडक.

ए-१०३: जर्मनीतच होतं. ड्युसेलडॉर्फ आणि कोलोनला. कायद्यातली फट शोधून काढलेलं मोठं सेंटर, बाहेरदेशचे पेशंट रांग लावायचे. २०१० मध्ये दीड वर्षाच्या बाळाच्या मेंदूत पेशी टोचल्या, ते दगावलं. २०११ ला बंद झालं. फट बुजवायला एक लेकरू जावं लागलं. आणि आपण जर्मनीला नावं कशाला ठेवा, हेच विकणारे आपल्या देशातही आहेत. आयसीएमआरने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेने, २०१७ मध्येच स्पष्ट लिहिलंय की रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेमसेल फक्त परवानगी घेतलेल्या ट्रायलमध्ये. तरी पाट्या लागलेल्याच.

सी-२०२: काकू, ज्ञान पाजळणं सोपं आहे. तुमचा नातू असता तर? डॉक्टरांनी हात वर केलेत. करू दे ना प्रयत्न. फायदा नाही झाला तर नुकसान तरी काय? जगभरचे इतके आईबाप जातात ते काय वेडे आहेत?

ए-१०३: वेडे मुळीच नाहीत. नुकसान काय ते सांगते. इस्रायलमधला एक मुलगा, लहानपणापासून तोल जाण्याचा आजार. नवव्या वर्षी आईबापांनी मॉस्कोला नेलं, मेंदूत गर्भाच्या पेशी टोचल्या. अशा तीन खेपा. तेराव्या वर्षी डोकं दुखतं म्हणून स्कॅन केला, तर मेंदूत आणि मणक्यात गाठी. मणक्यातली काढून तपासली. त्या गाठीत मुलीच्या पेशी होत्या. मुलाच्या अंगात मुलीची गाठ. म्हणजे टोचलेल्या पेशींतूनच वाढलेली. मी लॅबमधली बाई, मला हे वाचून दोन रात्री झोप नव्हती.

ए-१०३: थायलंडचंही सांगते, कारण तुम्ही तिकडेच निघालात. ल्युपसमुळे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारामुळे, किडनी खराब झालेली एक बाई. खासगी दवाखान्यात तिच्याच रक्तातल्या पेशी किडनीत टोचल्या. स्वतःच्या पेशी, मग भीती कसली, असंच सांगतात ना? टोचलं तिथे गाठी आल्या, किडनी काढावी लागली, पुढे बाई गेली. थायलंडच्याच मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये हे जगापुढे मांडलं. सगळ्यांना असं होतं असं नाही. बहुतेकांना काहीच होत नाही, वाईटही नाही आणि चांगलंही नाही. फक्त घर विकलं जातं.

बी-३०३: सी-२०२, आईबापांचं म्हणाल तर इटलीचं वाचा. दाविदे वान्नोनी नावाचा माणूस, डॉक्टर नव्हे, मानसशास्त्रवाला. ‘स्तामिना’ नावाने पेशींचा उपचार काढला. आजारी मुलांचे आईबाप रस्त्यावर उतरले, टीव्हीवाले बाजूने, शेवटी २०१३ मध्ये संसदेने ट्रायलसाठी ३० लाख युरो मंजूर केले. तज्ज्ञांनी कृती बघितली तर त्यात दम नाही. ट्रायल झालीच नाही. त्याला शिक्षा झाली, तरी तो जॉर्जिया देशात जाऊन तेच करायला लागला म्हणून २०१७ मध्ये परत धरला.

सी-२०२: ठीक आहे. पण बोलायची पद्धत असते.

ए-१०३: ते मात्र खरं. चुकलंच माझं.

रात्री १०.१५

सी-३०४: मी सगळं वाचतेय. पिंट्या झोपायची वाट बघत होते.

सी-३०४: गेल्या दिवाळीत तो आकाशकंदील लावायला स्टुलावर चढला होता. आता जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यावर, मग मांडीवर हात टेकत टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उठतो. इथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, चार मिनिटं बोलले, म्हणाले याला औषध नाही, सहा महिन्यांनी दाखवा. सहा महिने मी काय करायचं ते नाही सांगितलं. बँकॉकवाल्यांची कोऑर्डिनेटर मराठी बोलते. रोज सकाळी मेसेज करते. पिंट्याचं नाव घेऊन विचारते, आज जिना किती पायऱ्या चढला? घरचं कोणी एवढं विचारत नाही. आम्ही ५० हजार टोकन भरलंय. काकू, तुम्ही बरोबर असाल. पण मग मी काय करू ते सांगा. नुसतं जाऊ नको म्हणू नका.

ए-१०३: आधी एक विचारू? टोकनची पावती कोणाच्या नावाने आहे?

सी-३०४: बघते.

सी-३०४: हॉस्पिटलचं नाव नाही. कुठल्यातरी वेलनेस कन्सल्टन्सीचं आहे. खाली लिहिलंय, सल्ला शुल्क, परत मिळणार नाही.

डी-४०२: आमचीही अशीच होती.

ए-१०३: बरं. आता ऐक. मी डॉक्टर नाही, पण परळच्या केईएम हॉस्पिटलला दुर्मीळ आजारांचं सरकारने ठरवून दिलेलं केंद्र आहे. तिथे जायचं. जाताना जीन तपासणीचा रिपोर्ट ने, जनुकात नेमका कुठला तुकडा गळालाय त्यावर पुढचं ठरतं, खऱ्या ट्रायलमध्ये बसतो का तेही. स्टिरॉइड चालू आहे का?

सी-३०४: दिलं होतं. चेहरा सुजला, वजन वाढलं म्हणून सासूबाई म्हणाल्या बंद कर. मग केलं.

ए-१०३: कधी?

सी-३०४: मार्चमध्ये.

ए-१०३: अगं बाई. डुशेनमध्ये पोरं जास्त वर्षं चालती राहतात ती त्या साध्या गोळीनेच. स्वस्तातली पट्टी ती. आणि ते औषध मनाने एकदम बंद करायचंच नसतं. उद्या सकाळीच तुमच्या डॉक्टरांना फोन करून हे सांग, केईएमची वाट बघू नको. पुढे डोस काय, वजनाचं आणि हाडांचं कसं बघायचं, ते तिथले सांगतील. शिवाय दर वर्षी हृदयाचा इको, फुप्फुसाची तपासणी, पोटऱ्या आखडू नयेत म्हणून रोजचं ताणणं. तुझाही इको करून घे. आईच्या जनुकातून आलं असेल तर आईच्या हृदयालाही त्रास होऊ शकतो. पिंट्याच्या धाकट्या बहिणीबद्दलही तिथे विचारून घे.

सी-३०४: हे कोणीच सांगितलं नव्हतं.

सी-३०४: मी बँकॉकला नाही म्हटलेलं नाही अजून. हेही सांगते. यांना पटायला हवं.

ए-१०३: आत्ताच नाही म्हणायची घाई नको. आधी केईएम. मंगळवारी मी येते तुझ्याबरोबर. पण लोकलने नको, परळचा पूल त्याला चढवणार नाही.

डी-४०२: गाडी मी काढतो. साडेपाचला खाली या, केसपेपरच्या रांगेत लवकर लागलेलं बरं.

सेक्रेटरी (बी-२०१): क्यूआर कोड काढत नाही, वरचा ‘बँकॉक’ शब्द काढतो. आत्तापर्यंत १३,००० आलेत. कोणाला परत हवे असतील तर कळवा.

बी-५०४: माझे राहू द्या.

ए-७०२: माझेही.

सी-४०१: एक सुचवू? सी विंगच्या दारात तीन पायऱ्या आहेत. रॅम्प दोन वर्षं मीटिंगमध्ये नुसता लिहिला जातोय. उरलेले ४२ हजार तिकडे घाला. आमच्या आईची व्हीलचेअरही मी आणि वॉचमन रोज उचलून नेतो.

सेक्रेटरी (बी-२०१): रॅम्प काढला तर खालचा एक पार्किंग स्लॉट जातो. डी-१०१ चा.

डी-१०१: माझाच का? पलीकडून काढा. तिकडे बी-५०४ ची जुनी स्कूटर चार वर्षं पडून आहे, ती हलवा आधी.

बी-५०४: स्कूटर वडिलांची आहे.

सेक्रेटरी (बी-२०१): उद्या टेप घेऊन मोजतो. सी-४०१, तुम्ही खाली या ७ वाजता. आणि डी-१०१, टाकी परवा धुणार. उद्या पाणी नेहमीसारखं.