कोअ‍ॅक्स इथरनेट: पिंग जातच नाही

प्रश्न (सोलापूर): १०बेस२ची (पातळ कोअ‍ॅक्स केबलवरचं जुनं इथरनेट) दोन एनई२००० नेटवर्क कार्डं, टी-कनेक्टर (केबल कार्डाला जोडणारा टी आकाराचा जोड) आणि नवी पेठेतून आणलेली टीव्हीची केबल. पिंग (दुसऱ्या पीसीकडून उत्तर येतं का ते पाहायची चाचणी) जात नाही. कार्ड गेलंय का?

उत्तर: आधी केबल बघा. टीव्हीची ७५ ओहमची असते. थोड्या अंतरात चालतेही, पण भरवसा नाही. आरजी-५८ घ्या, ५० ओहमची. टर्मिनेटर (केबलच्या टोकाला लावायचे रोधक) लावलेत का? दोन्ही टोकांना ५० ओहमचे हवेतच, नाहीतर सिग्नल टोकावरून उलटा फिरतो आणि कार्डाला सतत टक्कर (दोन पीसी एकदम बोलल्यासारखी) दिसते. पीसी बंद करा, टी कार्डावरून काढा, मधली पिन आणि बाहेरचं कडं यांत मीटर लावा. साधारण २५ ओहम (दोन ५० समांतर) यायला हवं.

प्रश्नकर्ता: ५० येतंय.

उत्तर: मग एक टर्मिनेटर निकामी किंवा केबल तुटलेली. बीएनसीचं (केबलच्या टोकाचा कनेक्टर) क्रिंप, म्हणजे दाबून बसवलेला जोड, हलवून बघा.

दुसरं उत्तर: टी थेट कार्डावरच बसवा, मध्ये तुकडा नको. कॉम्बो कार्ड (बीएनसीसोबत दुसरंही पोर्ट असलेलं) असेल तर बीएनसी निवडलंय का तेही तपासा.