अनुभव धागा: एचआयव्हीसोबत टीबी झाला तेव्हा तुमचा सीडी४ किती होता आणि त्रास काय झाला?

मागच्या एका चर्चेत कुणीतरी लिहिलं की खोकला नाही म्हणजे टीबी नाही, ते वाचून हा धागा काढतेय. नवीन लोकांसाठी, सीडी४ म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, तो जितका कमी तितकी ताकद कमी. सातारा-सांगलीकडचे बरेच जण इथं आहेत. स्वतःचं किंवा घरच्यांचं लिहा, नाव-गाव नको, तालुका चालेल.

तासगाव
मला खोकला नव्हताच. बागेत छाटणीला माणसं लावलेली आणि मी दुपारीच झोपायचो, संध्याकाळी बारीक ताप, रात्री बनियन पिळून काढावं इतका घाम. वजन उतरलं तर लोक म्हणायचे टेन्शन घेतोस. एक्स-रे क्लिअर, बेडका तपासला तो पण निगेटिव्ह, त्यामुळं एका खाजगी डॉक्टरनी टायफॉइड म्हणून सलाईन लावून पाठवलं. शेवटी बायकोचा भाऊ म्हणला मिरजेला चला, आपल्याकडं काय अडलं की मिरज हे ठरलेलंच. तिथं एचआयव्ही कळला, सीडी४ साठच्या आसपास. सोनोग्राफीत पोटात गाठी दिसल्या, मानेत पण एक होती, तिच्यात सुई घालून पाणी काढलं आणि सीबीनॅटला, म्हणजे टीबीचा जंतू शोधणाऱ्या मशीनला, लावलं तेव्हा टीबी निघाला. मॅडमनी सांगितलं की फुफ्फुसात ते भगदाड पडतं ना, ते आपल्याच पेशी जंतूशी झगडतात त्यातून पडतं, आणि तुमच्यात झगडायला पेशीच नाहीत, मग फोटोत दिसणार काय? मला हे लईच उलटं वाटलं, फोटो स्वच्छ म्हणजे तब्येत बरी असंच आपण धरतो.

कराड
आमच्या दिरांचं बरोबर याच्या उलट. एचआयव्हीच्या गोळ्या नियमित, सीडी४ चारशेच्या वर, तरी टीबी झाला पण तो सगळ्यांना होतो तसाच, खोकला, बेडक्यात रक्त, एक्स-रेत वरच्या बाजूला डाग, पहिल्याच तपासणीत पॉझिटिव्ह. लवकर सापडला म्हणून लवकर सुटले. फक्त अशा टीबीत खोकल्यातून जंतू जास्त पसरतात म्हणून घरात आम्हा सगळ्यांची तपासणी केली. सासूबाईंनी ताट-तांब्या वेगळा काढलेला, तो आशाताईंनी परत मांडणीत ठेवायला लावला, भांड्यानं होत नाही म्हणून. खिडक्या मात्र उघड्या ठेवा म्हणाल्या.

एआरटीत काम केलेली, सांगली
थोडं सांगते, मी एचआयव्हीची औषधं (एआरटी) देणाऱ्या सेंटरला होते. टीबीचा जंतू आपल्याकडं कितीतरी लोकांच्या अंगात झोपलेला असतो. एचआयव्ही नसेल तर तो जागा व्हायची शक्यता जन्मभरात मिळून ५ ते १० टक्के, एचआयव्ही असून औषध चालू नसेल तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत. सीडी४ दोनशेच्या खाली गेला की गाठी, छातीत पाणी, मेंदूचा टीबी, सगळीकडं बारीक दाणे असले प्रकार वाढतात. म्हणून सेंटरला दर खेपेला चार प्रश्न विचारतात, खोकला, ताप, वजन, रात्रीचा घाम, एकाला जरी हो म्हणलात तरी तपासणी. लोक वैतागतात, गाडी चुकेल म्हणून पटापट नाही-नाही म्हणतात. सीडी४ शंभरच्या आत असेल तर लघवीवरची एक पट्टी-टेस्ट पण असते, बेडका न येणाऱ्यांना तिचा उपयोग होतो, तुमच्या सेंटरला आहे का विचारा.

कोरेगाव
माझं वेगळंच. टीबीच्या गोळ्यांनी ताप गेला, भूक लागली, मग एआरटी सुरू केली आणि काही आठवड्यांत मानेच्या गाठी लिंबाएवढ्या, ताप परत. घरचे म्हणले गोळ्या उष्ण पडल्या, बंद कर. डॉक्टरांनी आधी तपासलं की टीबी औषधाला दाद देतोय ना, मग म्हणले हा आयरिस आहे, प्रतिकारशक्ती जागी झाली आणि आत पडलेल्या जंतूंवर एकदम तुटून पडली. दोन्ही औषधं चालूच ठेवली, वरून स्टिरॉइड दिलं. सुरुवातीला सीडी४ फार कमी असेल त्यांना हे जास्त होतं म्हणे. तरी एआरटी लांबवत नाहीत, टीबीच्या औषधानंतर साधारण दोन आठवड्यांत सुरू करतात. मेंदूचा टीबी असेल तर मात्र जरा थांबतात, तिथली सूज जिवावर बेतते.

वाई
टीबी झाला नाही पण होऊ नये म्हणून सहा महिने आयसोनियाझिड घेतली, सोबत तिच्यानं हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून बी६ व्हिटॅमिन. मुंग्या आल्या नाहीत. बस्स.

विटा
टीबीच्या गोळ्या चालू आहेत, लघवी केशरी होते ते माहीत होतं. पण एचआयव्हीची डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा का दिली? एकच घेतली तर चालते का, दुसरी कामावर न्यावी लागते आणि लोक विचारतात.

एआरटीत काम केलेली, सांगली
@विटा दादा, नाही चालत. टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिनमुळं लिव्हर डोल्युटेग्राविर लवकर संपवून टाकतं, म्हणून ५० मिलिग्रॅमची दोनदा, बारा तासांच्या अंतरानं. सकाळी सहा-संध्याकाळी सहा अशी वेळ बसवा, कामावर न्यायचीच गरज नाही. आणि टीबीचा कोर्स संपला तरी पुढं दोन आठवडे दुसरी गोळी चालू ठेवायची, रिफाम्पिसिनचा असर लगेच जात नाही. ती कधी बंद करायची ते सेंटरवर विचारूनच.