धाकट्या बहिणीला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर सांगितलंय, घरच्यांनी वागायचं कसं?

पारिजात:
बहीण २४ वर्षांची आहे. आधी दोन वर्षं बायपोलर समजून गोळ्या चालू होत्या, फारसा फरक नाही, आता नवीन डॉक्टरांनी हे निदान केलंय. मैत्रिणीने तासभर रिप्लाय दिला नाही की हिच्या डोक्यात पक्कं बसतं की तिने मला सोडलं, मग रडारड, फोन भिंतीवर, आणि संध्याकाळी तीच मैत्रीण परत जिवाभावाची. हातावर कापल्याच्या खुणा आहेत, मे महिन्यातही फुल बाह्यांचे कुर्ते घालते. आई म्हणते लाडावून ठेवलीय, बाबा म्हणतात स्वभावाला औषध नाही. मला दोघांचंही पटत नाही पण काय सांगू तेही कळत नाही. हे बरं होतं का? आणि त्या क्षणी मी बोलायचं काय?

खिडकीपाशी:
मला हेच निदान आहे म्हणून लिहितेय. बाबांचं अर्धं बरोबर आहे, या आजारावरची अशी खास गोळी नाहीच, सोबत डिप्रेशन वगैरे असेल तर त्याच्या गोळ्या देतात. खरा उपचार म्हणजे थेरपी. मला डीबीटीने फरक पडला, म्हणजे डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, अनावर भावना कशा सांभाळायच्या ते शिकवतात त्यात, सिअ‍ॅटलच्या मार्शा लिनेहन यांनी ती तयार केली आणि १९९१ मध्ये त्यावरची पहिली ट्रायल छापून आली. २०११ मध्ये त्यांनी जाहीर सांगितलं की तरुणपणी त्या स्वतःच स्वतःला इजा करून घ्यायच्या, हॉस्पिटलमध्ये होत्या. ते वाचलं तेव्हा मी रिक्षात होते, घर येईपर्यंत रडत होते, कारण तोपर्यंत मला वाटायचं यातून कोणी बाहेर पडतच नाही.
एक सांगते, भावनांची लाट आली की मी पातेल्यात गार पाणी घेऊन श्वास रोखते आणि अर्धा मिनिट तोंड बुडवते. ठोके हळू होतात, डोकं जरा जागेवर येतं. हृदयाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

समुपदेशक_ठाणे:
बायपोलरशी गल्लत बऱ्याचदा होते. त्यात मूड कित्येक दिवस, आठवडे टिकतो, इथे तासातासाला बदलतो आणि बहुतेक वेळा नात्यात काहीतरी खुट्ट झालेलं असतं. निदानाला नऊपैकी किमान पाच लक्षणं लागतात, म्हणून नुसत्या तापट स्वभावाला हे नाव देऊ नये. आणि हो, बरं होतं. बोस्टनजवळच्या मॅकलीन हॉस्पिटलने पेशंट्सचा दहा वर्षं पाठपुरावा केला, बहुतेकांची लक्षणं ओसरली, नोकरी आणि नाती रुळावर यायला मात्र जास्त वेळ लागला.
त्या क्षणी "त्यात काय एवढं" म्हणू नका. "तुला किती लागलंय ते दिसतंय मला" एवढंच म्हणा. मैत्रीण वाईट आहे असं त्यात कुठेच येत नाही, फक्त बहिणीचं दुखणं खोटं पाडलेलं नसतं. डीबीटी करणाऱ्या थेरपिस्टना स्पष्ट विचारा की दर आठवड्याचं एकटीचं सेशन आणि भावना सांभाळायच्या स्किल्स शिकवणारा ग्रुप दोन्ही आहे का, साधारण वर्षभर चालतं ते. मरणाचं बोलली तर एकटीला सोडू नका, गोळ्या आणि धारदार वस्तू हाताशी ठेवू नका, १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, २४ तास, मराठीतून बोलतात.

आईच_मी:
मुलाचं निदान झाल्यावर भांडणात आमच्या घरी एक वाक्य सुरू झालं होतं, "झाली तुझी बॉर्डरलाइन सुरू". मीच म्हणायचे. त्याने सहा महिने मला काही सांगणंच बंद केलं. आजाराचं नाव भांडणात काढू नका हो. आणि लाडाचं म्हणाल तर माझ्या दोघांना एकाच हाताने वाढवलंय, एकालाच हे झालं.

पारिजात:
आईला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही पण रात्री बर्फाचे दोन ट्रे भरून ठेवले. गुरुवारी अपॉइंटमेंट आहे, ग्रुपचं विचारणार. बाबा पण येतो म्हणालेत.