आहे तोच कायदा राबवा, पण कुठला?

"अमेरिकेत नवे बंदूक कायदे कशाला, आहेत तेच नीट राबवा" हा मुद्दा मला अर्धाच पटला.

पटलेला अर्धा आधी. टेक्सासमधलं सदरलँड स्प्रिंग्स, नोव्हेंबर २०१७, चर्चमध्ये गोळीबार, २६ बळी. मारेकऱ्याला बायकोला आणि सावत्र मुलाला मारहाण केल्याबद्दल २०१२ मध्येच लष्करी न्यायालयात शिक्षा झाली होती. कायद्याने त्याला बंदूक मिळायलाच नको होती. पण तो ज्या हवाई दलात होता, त्याने ती नोंद एफबीआयकडे (बंदूक घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणारी केंद्रीय यंत्रणा) पाठवलीच नाही! दुकानदाराने एफबीआयकडे रीतसर चौकशी केली, तिथून उत्तर आलं: हरकत नाही. २०२१ मध्ये न्यायालयाने ६० टक्के जबाबदारी सरकारवर टाकली ती उगाच नाही.

आता साउथ कॅरोलायनातलं चार्ल्स्टन, २०१५, तिथेही चर्चमध्ये गोळीबार, नऊ बळी. मारेकऱ्याची माहिती कुठल्या पोलिसांना विचारायची यात एफबीआयचा घोळ झालाच म्हणा. पण कामकाजाच्या तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर दुकानदार बंदूक विकू शकतो, हे कायद्यातच लिहिलंय. दुकानदाराने नियम मोडला नाही, पाळला. आणि बऱ्याच राज्यांत खासगी विक्रीला चौकशीच लागत नाही. तिथे राबवणार काय, कपाळ?