मनी प्लांट कापू नका म्हणणाऱ्यांसाठी

अनगोळकर:
परवा आपल्या बेळगावच्या ग्रुपवर एका ताईंनी फोटो टाकून लिहिलंय, "मनी प्लांट आठ फूट गेलंय, खाली नुसती काडी, शेंड्याला चार पानं. खरं कापणार नाही, शेंडा मारला की झाड खुंटतं, आणि घरातली लक्ष्मी कापल्यासारखं होतं." खाली सगळ्यांनी हात जोडलेत. राहवेना म्हणून लिहितोय.

अहो, ती वेल उजेड शोधत पळत सुटलीय. उजेड कमी पडला की दोन पानांतलं अंतर वाढतं, पानं बारकी येतात. शेंड्यात ऑक्सिन नावाचं वाढीचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरून खालच्या डोळ्यांना, म्हणजे पानाच्या बगलेतल्या कोंबांना, दाबून ठेवतं, म्हणून काडी उघडी. शेंडा काढा, डोळे फुटतात. कुंडीजवळ दोन-तीन डोळे ठेवून कापा आणि वरच्या काडीचे तुकडे करा, प्रत्येकाला एक तरी डोळा पाहिजेच. पानाचा देठ काडीला जिथं चिकटतो तिथं बोट फिरवा, तपकिरी खरखरीत टोक लागेल, मूळ तिथनं येतं. नुसतं पान पाण्यात ठेवलं तर महिनोन्महिने हिरवं राहील, मूळसुद्धा सोडेल, पण त्याची वेल कधी होणार नाही. आणि कापलेली कुंडी परत त्याच अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवू नका, खिडकीशी आणा.

निपाणीवाला:
शेंडा मारला की झाड खुंटतं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या तंबाखूच्या फडात यावं. शेंडा खुडला की आठवड्यात बगलेतनं फुटवे येतात, ते काढत फिरायला लागतं. माझ्या आईचं निम्मं आयुष्य त्यात गेलं, हाताला काळा चिकटा बसायचा, साबणानं निघायचा नाही, भाकरी कडू लागायची. झाड खुंटलं असतं तर तिला कशाला राबायला लागलं असतं? आणि चिकोडी-अथणीकडं ऊस लावणाऱ्याला विचारा, डोळा मेलेली टिपरी, म्हणजे उसाचा तुकडा, कोण लावतंय काय.

शहापूरची सून (पोस्ट माझीच):
तंबाखू शेतात असतो ओ, माझं झाड घरात आहे. सासूबाईंनी लावलेलं. 2019 च्या ऑगस्टात घरात गुडघाभर पाणी शिरलं, गाद्या गेल्या, फोटो गेले, हे वर टांगलेलं म्हणून तेवढं राहिलं. आता त्या नाहीत. कात्री लावायला हात होत नाही. आणि एकदा कापलं होतं की, लोणच्याच्या बरणीत सहा महिने ठेवलं, हातभर मुळं आली, मातीत लावलं आणि आठ दिवसांत काळं पडून गेलं. मग मी काय समजायचं?

टिळकवाडी दुसरा रेल्वे गेट:
कापायचं शिकवताय ते चांगलं आहे, खरं आधी "चोरून आणलेलंच मनी प्लांट लागतं" हे कुणी पसरवलं ते सांगा! माझ्या कंपाउंडवरची वेल सकाळी फिरायला येणारी माणसं ओरबाडतात. कात्रीनं नाही, हातानं. साल लोंबत राहते, पावसाळ्यात तिथनंच कुजायला लागतं. गेल्या जूनमध्ये पाच फूट वेल अशीच गेली.

खानापूरकर:
एका काडीसाठी एवढं? माझ्या आईनं चोरूनच आणलेलं, 20 वर्षं झाली, अजून आहे.

टिळकवाडी दुसरा रेल्वे गेट:
आहे कारण मनी प्लांट चिवट आहे, चोरलंय म्हणून नाही! तुमच्या आई चांगल्याच असतील, खरं ज्याची वेल आणली त्याच्याकडं काय उरलं ते बघायला गेला होता काय?

खानापूरकर:
आईवर जाऊ नका. मागितलं की लोक तोंड फिरवतात म्हणून माणूस चोरतंय.

टिळकवाडी दुसरा रेल्वे गेट:
माझ्याकडं आजवर एकानंही मागितलेलं नाही. एकानंही. मागा, मी स्वतः डोळा बघून कापून देते, पाण्यात घालून देते. चोरणारा घाईत वेल ओढतो, निम्म्या वेळा डोळाच येत नाही, म्हणजे माझंही गेलं आणि त्याचंही लागत नाही.

निपाणीवाला:
हे मात्र खरं आहे ओ. मीही कॉलेजात असताना एकदा तोडलंय, नुसतं पान आलं होतं.

खानापूरकर:
बरं. ओरबाडणं चूक, तेवढं मानतो. आईनं मात्र नीट ब्लेडनं कापलं होतं.

अनगोळकर:
मूळ विषयावर या. ताई, बरणीचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते मी लिहायला पाहिजे होतं. पाण्यातली मुळं नाजूक असतात, जास्त दिवस ठेवली की मातीत रुळत नाहीत. दोन-तीन इंच झाली की लगेच मातीत घाला, पहिले दोन आठवडे माती सुकू देऊ नका, खरं चिखलही नको. आपली काळी माती एकटी वापरू नका, पाणी धरून ठेवते, लाल माती आणि कोकोपीट मिसळा. डोळा पाण्यात, पान पाण्याबाहेर, चार-पाच दिवसांनी पाणी बदला. आत्ता पावसाळा आहे, हवा दमट आहे, थंडीत हेच काम लांबतं. चीक अंगाला लागला तर खाजतं, घरात मांजर असेल तर तुकडे खाली टाकू नका.

आणि सगळी वेल एकदम कापू नका. एकच काडी कापा, बाकीची सासूबाईंची तशीच राहू दे.

शहापूरची सून:
दुपारी एक काडी कापली. चार तुकडे झाले, चारीला डोळा आहे, तीन वेळा बघितलं. शेंड्याचा तुकडा वेगळ्या ग्लासात ठेवलाय, तो नणंदेला द्यायचा आहे. खाली कुंडीत काडीवर हिरवा ठिपका दिसतोय, तो आधीपासून होता की काय माहीत नाही, आजवर इतक्या जवळनं बघितलंच नव्हतं.