तेज घटलं म्हणजे ग्रह सापडला, असं नाही

ताऱ्याचं तेज ठरावीक काळाने १ टक्का घटत असेल तर त्याच्याभोवती ग्रह असल्याचं सिद्ध झालं, असं म्हटलं जातं. त्यात थोडी भर घालतो. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गुरूएवढा ग्रह गेला तर घट साधारण १ टक्काच येते (पृथ्वीची जेमतेम ०.००८ टक्के), पण तेवढी घट इतर कारणांनीही येते.

सर्वात फसवे म्हणजे मागे दूरवर एकमेकांना ग्रहण लावणारे जोडतारे. असे ग्रह शोधणाऱ्या टेस या अंतराळ दुर्बिणीचा एक पिक्सेल तब्बल २१ विकलांचा आहे (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), त्यात शेजारचा प्रकाश सहज मिसळतो. समजा जोडीचा वाटा एकूण प्रकाशात २ टक्के आहे आणि ग्रहणात तिचं तेज निम्मं झालं, तर तेजाच्या आलेखात नेमकी १ टक्का घट! म्हणून आधी सम आणि विषम क्रमांकाच्या घटींची खोली वेगवेगळी ताडून पाहावी. फरक दिसला तर बहुधा दोन तारे आळीपाळीने झाकले जात आहेत. घटीच्या वेळी प्रकाशाचा केंद्रबिंदू सरकतो का, तेही तपासावं; सरकला तर घट बहुधा शेजारच्या ताऱ्याची.

एवढं करूनही हाती येते ती फक्त झाकणाऱ्या वस्तूची त्रिज्या. गुरू, तपकिरी बटू (ग्रह आणि तारा यांच्या मधल्या वस्तुमानाचे गोल) आणि सर्वात लहान लाल तारे आकाराने जवळपास सारखेच असतात, त्यामुळे वस्तुमान हवंच. ते वर्णपटातल्या डॉप्लर सरकण्यावरून काढतात, म्हणजे ग्रहाच्या ओढीने तारा पुढेमागे डोलताना त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी किंचित बदलते त्यावरून. गुरूमुळे सूर्य सेकंदाला सुमारे १२.५ मीटर डोलतो, पृथ्वीमुळे जेमतेम ९ सेंटिमीटर. खरी अडचण इथेच आहे, कारण ताऱ्याच्या पृष्ठभागाची स्वतःची खळबळ पृथ्वीमुळे होणाऱ्या या डोलण्याहून मोठी असते.