ग्राउंडहॉग भाजी खातोय? पिंजरा नको, कुंपण घाला

मांडव:
मे उजाडला की न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाकडच्या मराठी घरांमागे ग्राउंडहॉगची, म्हणजे बिळात राहणाऱ्या, खारीच्या कुळातल्या जाडजूड प्राण्याची, तीच तक्रार सुरू होते. सकाळी वाफा भरलेला होता, संध्याकाळी मेथीचे आणि वालपापडीचे नुसते खुंट उरले. सल्लाही ठरलेलाच मिळतो: पिंजरा लावा आणि लांबच्या रानात सोडून या. हा सल्ला देणं थांबायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आधी चोर ओळखा. हरीण बहुतेक रात्री येतं आणि त्याला वरचे पुढचे दात नसतात, म्हणून पाला ओरबाडल्यासारखा फाटतो. ससा जमिनीलगत तिरका, स्वच्छ काप देतो. भरदिवसा, विशेषतः सकाळी लवकर आणि उन्हं उतरताना, ओळच्या ओळ फस्त होत असेल तर तो ग्राउंडहॉग, म्हणजेच वुडचक. शेड किंवा डेकच्या कडेला 10-12 इंचांचं बीळ आणि तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसला की शंकाच नको.

सोडून येण्यात पहिली अडचण कायद्याची. मॅसॅच्युसेट्समध्ये पकडलेला वन्यप्राणी आपल्या जागेबाहेर नेऊन सोडायला बंदी आहे, न्यूयॉर्कमध्ये परवान्याशिवाय चालत नाही. एक कारण रेबीज: अमेरिकेत कृंतक, म्हणजे उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या, प्राण्यांत रेबीज सर्वाधिक वेळा सापडतो तो ग्राउंडहॉगमध्येच. शिवाय रिकाम्या बिळात दुसरा ग्राउंडहॉग येऊन राहतो. भाजी तिथंच, बीळ तयार, मग तो का येणार नाही?

म्हणून कुंपण. 12 बाय 16 फुटांच्या बागेला 56 फूट जाळी लागते. 4 फूट रुंदीची, 1 इंच भोकांची गॅल्व्हनाइज्ड जाळी घ्या. 2 बाय 4 इंची जाळीतून सशाची पिल्लं आरपार जातात. जाळी खांबांना 3 फुटांपर्यंतच बांधा, वरचा 1 फूट मोकळा सोडून बाहेर झुकू द्या. ग्राउंडहॉग चांगला चढतो, पण झुकता भाग त्याच्या वजनानं मागं वाकतो आणि तो खाली येतो. वरची कड घट्ट ताणलीत तर त्याला शिडीच मिळाली.

खाली 2 फूट रुंदीची हार्डवेअर क्लॉथ (बारीक चौकोनी भोकांची कडक तारेची जाळी) जोडा: 4 इंच वरच्या जाळीवर, 8 इंच जमिनीत सरळ, उरलेली 12 इंच बाहेरच्या बाजूला आडवी. तो कुंपणाच्या पायाशी उकरायला लागतो आणि आडवी जाळी नखांना अडते. जोड तारेनं करा, प्लास्टिकचे टाय तो कुरतडतो. खणण्याआधी 811 वर फोन करून गॅस-विजेच्या वाहिन्यांच्या खुणा करून घ्या, ही सेवा फुकट आहे.

खुरपं:
मांडव, ओळख बरोबर, पण उपाय सगळ्यांना झेपणारा नाही. झाडांच्या मुळांनी भरलेल्या चिकणमातीत 56 फूट चर खणायचा म्हणजे दोन शनिवार-रविवार गेले. टाउनहाउसला एचओए (घरमालकांची संघटना) जाळीचं कुंपण घालू देईलच असं नाही. आणि बीळ शेडच्या पायाखाली असेल, तर भाजी वाचली तरी माती पोखरली जातेच, शेड एका बाजूला खचतं.

लोक पिंजरा चुकीचा लावतात, म्हणून तो बदनाम आहे. 10 बाय 12 बाय 32 इंचांचा घ्या. बिळाच्या तोंडापासून 4-5 फुटांवर, त्याच्या रुळलेल्या वाटेवर सपाट ठेवा. पिंजरा हलला की ग्राउंडहॉग आत जात नाही. दोन दिवस दार उघडंच बांधून खरबुजाच्या फोडी ठेवा, खाण्याची सवय लागली की मग सापळा चालू करा. आमिष पायपट्टीच्या (पाय पडताच दार पाडणाऱ्या पट्टीच्या) पलीकडे हवं, नाहीतर बाहेरूनच ओढून नेतो. रात्री दार बंद करा, नाहीतर सकाळी आत स्कंक (दुर्गंधी फवारणारा प्राणी) असतो आणि मग त्याला सोडवणं वेगळंच काम. दिवसातून दोनदा बघा, उन्हात प्राणी मरतो. पकडल्यावर काय करायचं ते राज्याच्या वन्यजीव खात्याला आधी विचारा, किंवा परवानाधारक माणूस बोलवा. कायदा आडवा येतो तो स्वतःच गाडीत घालून नेण्याला.

लालमाती:
तुम्ही दोघंही वेळापत्रक विसरताय. माद्या फेब्रुवारी-मार्चमध्ये माजावर येतात, महिन्याभरानं पिल्लं होतात, आणि ती जुलैच्या सुमारास वेगळी होतात. खुरपं, एप्रिल ते जूनमध्ये पिंजऱ्यात मादी सापडली तर पिल्लं बिळात उपाशी मरतात. हे मला अजिबात पटत नाही.

बीळ बंद करायचा योग्य काळ जुलैअखेर ते सप्टेंबर. ऑक्टोबरनंतर तो हिवाळी झोपेला लागतो, तेव्हा तोंड बुजवलं तर जिवंत गाडल्यासारखं होईल. बिळाला सहसा एकच तोंड नसतं. मागच्या तोंडाशी मातीचा ढीग नसतो, म्हणून ते गवतात दिसत नाही. सगळी तोंडं शोधून त्यांत वर्तमानपत्राचे चुरगळलेले बोळे सैल भरा. दोन-तीन दिवस बोळे हलले नाहीत तर बीळ रिकामं. हलले तर मुख्य तोंडावर एकेरी दार (फक्त बाहेर उघडणारं) लावा, बाकीची जाळीनं बंद करा. तो बाहेर पडला की हार्डवेअर क्लॉथ फूटभर खोल गाडून वर माती दाबा. शेडच्या कडेलाही तीच आडवी जाळी घाला.

मांडव:
खुरपं, चर जमत नसेल तर 2 फुटांची जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवरच पसरा आणि दर फुटावर लोखंडी पिना ठोका. महिन्याभरात गवत तिला धरून ठेवतं. कडा वर आलेल्या मात्र चालणार नाहीत. आणि फाटक! चांगली कुंपणं तिथंच हरतात. फाटकाखाली फरशी बसवा आणि फट इंचापेक्षा कमी ठेवा.

लालमातीचं वेळापत्रक मान्य, पण मेमध्ये लावलेली चवळी सप्टेंबरपर्यंत थांबत नाही. म्हणून आधी कुंपण, मग बीळ.

खुरपं:
बाग नुसती गवतात असेल तर तुमचा क्रम ठीक आहे. बीळ घराच्या पायाला लागून असेल तर मी जुलैची वाट बघणार नाही, पिल्लांसकट हलवू शकणारा परवानाधारक माणूस लगेच बोलवेन. इथं आपलं जमणार नाही.

वाफा:
डांबरगोळ्या, तिखटाचं पाणी, आवाज करणारं यंत्र, यांतलं काही चालतं का? भाड्याचं घर आहे, काहीच गाडता येत नाही.

लालमाती:
डांबरगोळ्या उघड्यावर टाकणं बेकायदा आहे आणि मातीत विष जातं. तिखट पावसानं धुऊन जातं, प्रत्येक सरीनंतर परत मारावं लागतं, आणि मेथीवर मारलेलं तुम्हालाच खायचंय. यंत्रावर पैसे घालवू नका. बिळात सोडायची धुराची कांडी तर शेडजवळ मुळीच नको: ती जळते, आग लागू शकते आणि कार्बन मोनॉक्साइड घरात येतो.

भाड्याच्या घरात वाफ्यावर झाकण करा. 4 बाय 8 फुटांच्या लाकडी चौकटीवर 1 इंची जाळी ठोका, बाजू 2 फूट उंच, झाकण बिजागरीचं, वर दोन कड्या. मेथी, चवळी, गवार, कोबी, गाजर झाकणाखाली. कांदा, लसूण बाहेर चालतात, त्यांना तो सहसा तोंड लावत नाही. टोमॅटोचा पाला सोडतो, पण खालची पिकलेली फळं चावून टाकतो, तेव्हा ती तांबूस व्हायला लागली की काढून घरात पिकवा.